दाढ

घरी सांगितलं, दाढ दुखते.
गुरुवारी भोसरीला सुट्टी, कर्वेनगरात पाणी बंद,
बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवलेला,
त्यांच्यातून वाट काढत म्हणालो,
रूट कॅनॉल आहे, चार-सहा खेपा होतील.

नळस्टॉपच्या अलीकडे, चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावली.
ओळखीचं कुणी भेटलंच तर दाखवायला
वरच्या खिशात मोडक्या दांडीचा जुना चष्मा.

गौतमी बागूल. माझ्या पुतणीच्या वयाच्या.
टेबलावर कागदी रुमालांचा डबा,
माझ्या बाजूला सरकवलेला. त्याचाच आधी राग आला.
पन्नास मिनिटांचे हजार, म्हणजे मिनिटाला वीस.
पहिली अकरा मिनिटं मी बोललोच नाही.
दोनशेवीस रुपयांची शांतता.
घरी हीच फुकट मिळते,
चौदा महिने झाले, रोज, पोटभर.

काय सांगायचं?
तीस वर्षं टूलरूममध्ये काढली.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक दिसली
की जॉब लाल डब्यात टाकणारा माणूस मी.
पुष्करलाही तसाच बघत आलो,
उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून.
त्यानं तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं
तेव्हा भरल्या ताटावर म्हणालो,
तू मला मेलास.
तीनच शब्द. बोलण्याआधी मोजले नाहीत.

तो काही मेला नाही. पलीकडच्या खोलीत असतो.
मी झोपलो की फ्रिज उघडतो,
आवाज न करता लावतो.
मी जागा असतो.

"मग तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.
काही नाही. कूस बदलतो.
त्यांनी ते लिहून घेतलं.
माणसाचं कूस बदलणं कुणी लिहून घेतं,
हे मला नवीन होतं.

दुसऱ्या गुरुवारी वडिलांचं निघालं.
त्यांच्या पट्ट्याचं नव्हे, तसे सगळ्यांचेच मारायचे.
माझं होस्टेलवरून पाठवलेलं एक पोस्टकार्ड
त्यांच्या पाकिटात सापडलं, ते गेल्यावर, त्याचं.
डब्यातले दोन रुमाल लागले.
तिसऱ्या गुरुवारी शब्दच फुटेना.
पंखा ऐकत बसलो, जाताना म्हणालो,
बेअरिंग गेलंय, बदलून घ्या.
चौथ्या वेळी त्या म्हणाल्या,
"घरात तुमच्याकडे कोण बघतं?"
कोण बघणार?
उज्ज्वलाचं आणि माझं बोलणं म्हणजे
गॅसचा नंबर, लाईटबिल, कोथिंबीर.

त्या रात्री ताटात गुरगुट्या भात, तूप, मेतकूट.
आणि एकदम लक्षात आलं,
चारही गुरुवार हेच होतं.
भाकरी नाही. सुपारीचा डबा जागेवर नाही.
ताटाशेजारी कोमट मिठाचं पाणी, वर ताटली,
नळ कोरडा असलेल्या दिवशी
मोजून भरलेल्यातलं तांब्याभर,
माझ्या नसलेल्या दुखण्यासाठी.

घास तोंडात तसाच राहिला.
"उज्ज्वला, दाढ नाही दुखत."
ती कढई खरवडत होती.
"माहितीये. शर्ट मीच धुते.
दातांचे डॉक्टर पावतीवर 'सत्र दुसरे' लिहीत नाहीत."
मग बराच वेळ नुसती कढई.
मग, माझ्याकडे न बघता,
"दुखतंय ना, पण?"

रात्री फ्रिज उघडला.
मी कूस बदलली नाही, उठलो.
काय बोलायचं ते बागूलबाई शिकवत नाहीत,
विचारलं तर उलट मलाच विचारतात.
फ्रिजच्या उजेडात तो, हातात दुधाचं पातेलं,
दाढी वाढवलीय, मला माहीतच नव्हतं.
म्हणालो, "भात आहे. मऊ आहे."
तो काही बोलला नाही.
दारही लावलं नाही.
फ्रिज पीं पीं करायला लागला
आणि आम्ही दोघं
ते ऐकत उभे.